पाऊणकीचा परीक्षक

दामूतात्या ठाकूर मंगळवारी सकाळी गेले. मालिकेचा एकविसावा भाग शुक्रवारी होता.

एवढं लिहायला मला महिना लागला. मी चौलच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपणं हे माझं काम. स्वतः लिहायची सवय नाही. पण तात्यांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि गावात ज्यांना लिहिता येतं त्यांना तात्यांनी कधी ना कधी कमी मार्क दिलेले आहेत.

तात्या खारभूमी खात्याचे उघाडीवाले होते. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे खाडीच्या कडेने मातीचा बांध असतो. त्या बांधात लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. भरती आली की ती लावायची, ओहोटी लागली की उघडायची. तात्यांनी हे तेहतीस वर्षं केलं. एकदा झडप उघडली की पुढचे काही तास पाणी जाताना बघत बसण्यापलीकडे काम नसायचं, म्हणून ते वाचायला लागले. त्यामुळे पुस्तकाची लांबी ते पानांत मोजत नसत.

"बाई, ह्ये किती ओहोट्यांचं?" ते काउंटरवर विचारायचे.

सुरुवातीला मला कळायचं नाही. मग मीही शिकले. कवितासंग्रह अर्धी ओहोटी. कादंबरी दोन किंवा तीन. एका थोर माणसाचं आत्मचरित्र त्यांनी सहा ओहोट्या वाचून परत आणलं आणि म्हणाले, "माणूस चांगला हाय, पण उघाडी लावायला इसरला. सगलं आत घेतलं." वाचलेल्या पानात खूण म्हणून ते नारळाच्या झावळीचा हीर ठेवायचे. आजही कुठलं पुस्तक उघडलं आणि हीर खाली पडला की ते पुस्तक तात्यांनी वाचलेलं असतं, आणि बहुतेक आवडलेलं नसतं.

जुन्या शाळेत मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. तात्यांना बाकीचं सगळं विसरायला झालं होतं, पण पाऊणकी पक्की होती, कारण तिच्यावर त्यांचं पोट होतं. आमच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसाही आणि रात्रीही. तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तात्या अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे, ओठ हलायचे, आणि उत्तर यायचं. "पौर्णिमा? पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सव्वापाचला तळ."

आता गाथेकडे येते. 'सातव्या दिव्याची गाथा' नावाची सात भागांची कादंबरी आमच्या वाचनालयात आहे. समुद्रातलं एक राज्य, सात दीपगृहं, अरिंजय नावाचा राजपुत्र, कृष्णकेतू नावाचा मांत्रिक आणि महानक्र नावाचा एक प्राणी, जो कधी मगरीसारखा असतो आणि कधी लेखकाच्या लहरीसारखा. ती फारशी खपली नाही. तात्यांनी मात्र सातही भाग तीन वेळा वाचले, कारण त्यातल्या प्रत्येक भरती-ओहोटीची वेळ बरोबर होती. प्रत्येक म्हणजे एक सोडून प्रत्येक. चौथ्या भागात षष्ठीच्या दिवशी सकाळी साडेदहाला होडी चिखलात रुतायला हवी होती, तर ती तरंगत होती. तात्यांनी लेखकाला पत्र लिहिलं. उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: 'चूक मान्य. तो चंद्र मी घाईत काढला.'

तात्यांनी ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं. सुभद्राकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते तिथून उचलून मसाल्याच्या डब्याखाली ठेवलं. शेवटी ते ट्रंकेत गेलं. पण 'चूक मान्य' हे दोन शब्द तात्यांच्या लेखी माणसाच्या मोठेपणाची शेवटची पायरी होऊन बसले. "लेखक मोठा होता," ते सांगायचे. "चूक मान्य म्हनाला. आमच्या खात्यात तेहतीस वर्षांत एक सायेब म्हनाला नाय."

लेखक वारले. आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी गाथेवर मालिका येणार अशी बातमी आली. दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, एकवीस भाग.

वाचनालयाच्या दाराबाहेर सुविचाराचा फळा आहे. तात्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. "बाई, शनवारी फला माझा."

पहिल्या शनिवारी सुविचाराच्या जागी हे होतं: 'भाग पहिला. दिवा पश्चिमेस हवा, पूर्वेस लावला. बाकी ठीक. सबब दहापैकी सहा. कळावे.' खात्याला अहवाल पाठवायची त्यांची जी भाषा होती तीच. दुसऱ्या शनिवारी: 'महानक्र ओहोटीच्या चिखलातून घोड्यासारखा धावला. त्याने एकदा आमच्या खाडीत धावून दाखवावे. सबब साडेपाच. कळावे.'

आम्ही आठ-दहा जण वाचनालयातल्या टीव्हीसमोर बसून हे बघायचो. त्यात विनायक असायचा. तो अलिबागच्या रस्त्यावर सहा आसनी रिक्षा चालवतो आणि राजपुत्र अरिंजयवर त्याचा भारी जीव. रिक्षाच्या मागे त्याने अरिंजयचं चित्रही काढून घेतलं होतं.

तिसऱ्या भागात ते झालं.

पुस्तकात अरिंजयचं सैन्य पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटीतून चालत जलदुर्गावर जातं. समोर सूर्य समुद्रात बुडतोय, पाठीमागून डोंगरावर चंद्र वर येतोय, आणि पाणी घोट्याएवढं. तात्यांच्या मते संपूर्ण मराठी भाषेत यापेक्षा अचूक पान नव्हतं. मालिकेत सैन्य निघालं ते मध्यरात्री. चंद्र बरोब्बर डोक्यावर. दिसायला फार सुंदर होतं. मशाली होत्या, संगीत होतं.

तात्या खुर्चीतून उठले. "अरे मागं फिरा!" ते टीव्हीला म्हणाले. "मागं फिरा, येड्यांनो! पुनव हाय!"

सैन्य मागे फिरलं नाही. तात्यांनी हात जोडले, टोपी घातली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशीचा फळा गावाने अजून लक्षात ठेवलाय. 'भाग तिसरा. पौर्णिमेस मध्यरात्री, ऐन उधाणात, चालत गेल्यामुळे राजपुत्र अरिंजय (वय २५) व समस्त सैन्य बुडून मयत. सबब शून्य. कळावे.'

"तात्या, जादूची दुनिया आहे ती!" विनायक रिक्षा तशीच उभी टाकून भांडायला आला. "तिथे दोन चंद्र पण असतील!"

"दोन चंद्र?" तात्या म्हणाले. "मग तर घोडेबी नाय वाचायचे."

"कृष्णकेतूने मंत्राने पाणी हटवलं असेल."

"मग तसं दाखवायचं. जादूला माझी ना नाय. पन जादू करायची ती करून दाखवा. ह्ये तर निसते चालत गेले, बाजारात गेल्यासारखे."

नेमके त्याच वेळी किहीमचे एक गृहस्थ लग्नपत्रिका वाटत आले होते. त्यांनी फळा वाचला, चपला काढल्या आणि तात्यांजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"शुक्रवारी," तात्या म्हणाले.

"पंचवीस म्हणजे काही वय नाही हो. पोहता येत नव्हतं?"

"अंगात चिलखत होतं."

गृहस्थांनी मान हलवली. आजकालच्या मुलांचे कपडे, असं काहीतरी पुटपुटले. मग गावात एवढं सुतक असताना पत्रिका कशी द्यायची म्हणून एकही पत्रिका न देता परत गेले. त्यात ठाकुरांची पत्रिका होती. लग्नात मटण होतं हे काकूंना नंतर कळलं, आणि त्यांनी तात्यांना ते आयुष्यभर ऐकवलं. आयुष्य फार उरलं नव्हतं, पण तेवढ्यातही पुष्कळदा ऐकवलं.

काकूंनी पुस्तक कधी हातात धरलं नाही. त्या ओहोटीला खुबे, म्हणजे चिखलातले शिंपले, वेचायला जायच्या. पाऊणकी त्यांना येत नव्हती, पण त्या टोपली घेऊन निघाल्या की ओहोटी लागली असं गाव समजायचं. "यांना राजाच्या पोरापायी किती पानी हाय त्ये दिसतं," त्या मला म्हणायच्या. "माझ्या डालीत किती झालं त्ये नाय दिसत."

चौथ्या भागात अरिंजयचं लग्न झालं. 'मयताचे लग्न लावले. अनिष्ट प्रथा. सबब एक.' पाचव्यापासून तात्या त्याचा उल्लेख 'कै. अरिंजय' असाच करू लागले. विनायक चिडायचा, पण शुक्रवारी तात्यांना घ्यायला रिक्षा घेऊन तोच जायचा.

दहावा भाग झाला, आणि कळलं की शेवटच्या भागांचं चित्रीकरण रेवदंड्याच्या किनाऱ्यावर होणार आहे.

आता गाथेत एक गोष्ट आहे, ती सांगायला हवी. सातव्या भागाच्या शेवटी अरिंजय त्याच वाटेने, तशाच पौर्णिमेला, जलदुर्गावरून चालत परत येतो. म्हणजे मालिकेला आणखी एक संधी होती. तात्या मला म्हणाले, "बाई, परतीची वाट जर बरोबर दाखवली, तर मी धा देईन."

मी पेन खाली ठेवलं. तात्यांनी दहापैकी दहा कुणालाच कधी दिलेले नव्हते. लेखकालाही नाही. त्याला साडेनऊ होते, चौथ्या भागामुळे.

चित्रीकरणाच्या दिवशी आम्ही गेलो. पौर्णिमा होती. मंडळी पहाटे पाण्याचा तळ असताना आलेली, तेव्हा पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, पार लांबपर्यंत मोकळी होती. त्यांनी तिच्या मधोमध एक फायबरचं सिंहासन आणि थर्माकोलचं दीपगृह उभं केलं होतं. तात्यांनी ते बघितलं, अंगठा पेरांवरून फिरवला आणि हातात कागद घेतलेल्या एका माणसाकडे गेले.

"सायेब, ह्ये मागं घ्या. सव्वाअकराला भरती हाय."

"माहितीये काका, ॲपवर बघितलंय," तो माणूस म्हणाला. "सव्वाअकराचीच आहे. पण रात्रीची."

"आणि सकालची?"

"सकाळची नाहीये."

तात्यांनी त्याच्याकडे काळजीने बघितलं. "मग सकालची कोनाकडं दिलीय?"

त्या माणसाने आम्हाला दोरीच्या बाहेर उभं राहायला सांगितलं. तात्यांनी दोरीच्या पाण्याकडच्या टोकाशी वाळूत एक हीर खोचला आणि त्याच्याशेजारी उभे राहिले. दहा वाजता पाणी हिराशी आलं. साडेदहाला हीर गेला. मग सिंहासनाचे पाय ओले झाले. मग कृष्णकेतू दाढी हातात धरून पळत आला. दीपगृह आधी थोडं कललं, मग अगदी सावकाश निघालं आणि मान वळवून निरोप घेत असल्यासारखं कोर्लईच्या दिशेने गेलं. सिंहासन त्याच्या मागोमाग. तात्या धोतर वर खोचून कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि सिंहासनाचा एक हात धरून त्यांनी ते थोपवलं. ते ओढत आणताना ओरडत होते, "सकालची ही बगा! ही सकालची!"

दीपगृह दुसऱ्या दिवशी एका कोळ्याने होडीतून परत आणून दिलं.

त्या गोंधळात एक मुलगी आमच्याकडे आली. दिग्दर्शकाची सहायक होती, मुक्ता नावाची, गुडघ्यापर्यंत भिजलेली. ती तात्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, चूक मान्य."

 तात्या जवळच्या उलट्या होडीवर बसले. मग त्यांनी त्या मुलीला समोर बसवलं, आणि तिला बोटांची पेरं दाखवून पाऊणकी शिकवली. तिला पंधरा पाऊणे तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा आलं.

"आज सांजच्याला सव्वापाचला या," तात्या म्हणाले. "सहाला चंद्र वर येईल तवा पानी घोट्याला आसंल. तुमची परतीची वाट तीच हाय. पुस्तकात लिवलीय तशी."

"काका, माझ्या हातात नाहीये ते. वरचे म्हणतात मध्यरात्रच छान दिसते. पण मी सांगून बघते."

एवढ्यात काकू आल्या. नवरा सिंहासन घेऊन समुद्रात गेला अशी बातमी त्यांना लागली होती. त्यांनी तात्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "चला म्हाराज," त्या म्हणाल्या, "घरी राज्य पडलंय."

मी तात्यांना म्हटलं, संध्याकाळी परत येऊन बघू, घेतात का ते. त्यांनी मान हलवली. "परीक्षकानं पेपर आदी फोडायचा नसतो, बाई."

त्यामुळे त्या संध्याकाळी किनाऱ्यावर काय झालं ते आम्हाला कळलं नाही. विनायकनेही तिकडे रिक्षा नेली नाही. तात्यांनी त्याला शपथ घातली होती, आणि तीही अरिंजयची.

पुढे काही आठवड्यांतच तात्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. अलिबागला दाखवलं, गोळ्या आल्या, जिना बंद, रिक्षाचे धक्के बंद. विनायक शुक्रवारी फोनवरून त्यांना भाग ऐकवायचा, पडद्यावर दिसेल ते सांगायचा, आणि शनिवारी निकाल घेऊन यायचा. अठरावा भाग, दोन. एकोणिसावा, अडीच. विसाव्याला तीन मिळाले, कारण एका प्रसंगात मागे कुणीतरी जाळं वाळत घातलं होतं आणि ते बरोबर घातलं होतं.

सोमवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. ते पडवीत खाटेवर होते. मी सातवा भाग नेला होता. त्यांनी तो छातीवर ठेवला, उघडला नाही.

"बाई, किती ओहोट्या झाल्या असतील हो, तेहतीस वर्षांच्या?"

मी म्हटलं, काढून सांगते. ते म्हणाले, नको.

"येक सांगतो. शुक्रवारी जर का ते परत मध्यरात्रीच चालले," ते म्हणाले, "तर मला सांगू नका."

आतून काकू ओरडल्या, "आणि सव्वापाचला चालले तर मला सांगू नका! म्हैनाभर त्येच ऐकावं लागंल!"

तात्या हसले. मी निघाले तेव्हा ते खाटेवरून बाहेर बघत होते, आणि अंगठा पेरांवरून फिरत होता. मी त्यांना बघितलं ते शेवटचं.

शुक्रवारी ठाकुरांच्या घरी चौथा दिवस होता. भेटायला आलेली माणसं ओटीवर बसली होती. पालीहून तात्यांचे मेहुणे आले होते. मी होते, विनायक होता. वाचनालयातला टीव्ही काकूंनी दुपारीच त्याच्या रिक्षातून आणवून घेतला होता. सातला पाच कमी असताना काकू आतून आल्या आणि म्हणाल्या, "विनायक, टीव्ही लाव."

"सुतकात टीव्ही?" मेहुणे म्हणाले. "ताई, लोक काय म्हणतील?"

"त्यो मेला," काकू म्हणाल्या. "निकाल नाय मेला. लाव रं."

विनायकने लावला. आवाज बारीक ठेवला. सगळे ओटीवर जसे होते तसेच बसून राहिले, फक्त तोंडं वळवली. कृष्णकेतू मेला, दिवा पेटला. मग जलदुर्गाचा दरवाजा उघडला.

संध्याकाळ होती. सूर्य पाण्याला टेकला होता. सैन्य पुळणीवर उतरलं, आणि सगळ्यांच्या पुढे काठी घेतलेला एक म्हातारा नावाडी होता. पुस्तकात तो नाही. तो पाण्याच्या कडेला थांबला. त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला, ओठ हलले, आणि त्याने मान डोलावली. मग ते सगळे पाण्यात शिरले. पाणी घोट्याला होतं. समोर डोंगरावर चंद्र आला.

 विनायकने डोळे पुसले. "दहा," तो म्हणाला. "काकू, दहा! तात्या दहा म्हणाले होते. आणि अरिंजय जिता झाला!"

"तो पैल्यांदा बुडला तो बुडलाच," काकू म्हणाल्या. "बुडलेला मानूस परत येत नाय, विनायक. हा दुसरा कोनतरी."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. सैन्य अजून चालतच होतं. पडद्यावर शेवटपर्यंत फक्त पाण्याचा आवाज होता.

"साडेनऊ," काकू म्हणाल्या.

"का पण?" विनायक जवळजवळ ओरडलाच. "आता काय राहिलं?"

"येकानंबी धोतार वर खोचलं नाय. सगल्यांची भिजली." काकूंनी पदर तोंडाला लावला. "आता धुनार कोन?"

शनिवारी सकाळी मी फळ्यावर लिहिलं: 'भाग एकविसावा. वेळ बरोबर. धोतरे भिजली. सबब साडेनऊ. कळावे.'

तो फळा अजून पुसलेला नाही. सुविचार आता दाराच्या आत, कागदावर लावतो.